अर्धशिशी: दुखल्यावरची गोळी वेगळी, दुखू नये म्हणूनची वेगळी

२०२५ साली रिमेजिपँट हे मायग्रेनचं औषध भारतात विक्रीला आलं. गोळी जिभेवर ठेवायची, विरघळू द्यायची, पाण्याचीही गरज नाही. त्याआधीची काही वर्षं महिन्यातून एकदा टोचायच्या इंजेक्शनांची चर्चा होतीच. ज्या घरात अर्धशिशी आहे, तिथे अशी बातमी आली की एकच प्रश्न निघतो: हे घेतलं की दुखणं कायमचं जाईल का?

नाही जाणार. मायग्रेन मुळासकट घालवणारं औषध आज जगात कुठेच नाही. मात्र आटोक्यात ठेवणारी औषधं आहेत, आणि त्यातली बरीचशी जुनी, स्वस्त आणि गावातल्या दुकानातही मिळणारी आहेत. अडचण ती वापरण्यात आहे. दुखायला लागल्यावरची गोळी उशिरा घेतली जाते, अपुरी घेतली जाते आणि महिन्यात नको इतके दिवस घेतली जाते. आणि डोकं दुखूच नये म्हणून रोज घ्यायचं वेगळं औषध असतं, हे तर अनेकांना वर्षानुवर्षं कुणी सांगितलेलंच नसतं. या दोन औषधांतला फरक नीट कळला, तरी पुष्कळांचं दुखणं अर्ध्यावर येऊ शकतं.

त्रास काही थोड्याथोडक्या लोकांचा नाही. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेतल्या संशोधकांनी कर्नाटकात घरोघरी जाऊन पाहणी केली. आधीच्या वर्षभरात मायग्रेन झालेले प्रौढ लोक साधारण २५ टक्के निघाले, म्हणजे चारांत एक. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट दिसतो आणि त्याचा जोर ऐन कामाच्या, संसाराच्या वयात असतो.

## हे पित्त की सायनस की मायग्रेन?

डोकं दुखून उलटी झाली की आपल्याकडे निदान घरातच होतं: पित्त. मग लिंबू-सरबत, आवळा, कोकम, ॲसिडिटीची गोळी. उलटी झाल्यावर बरं वाटतं हे खरंच आहे, त्यामुळे निदानावर शिक्कामोर्तबही होतं. प्रत्यक्षात गाडी उलट दिशेने चाललेली असते. मायग्रेनचा झटका आला की जठराची हालचाल मंदावते, अन्न पुढे सरकत नाही, म्हणून मळमळतं आणि उलटी होते. म्हणजे सुरुवात डोक्यात झालेली असते आणि पोट मागाहून बिघडतं.

सायनसचंही तसंच. मायग्रेनमध्ये कपाळ आणि गाल जड होऊ शकतात, नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायनसची डोकेदुखी आहे असं स्वतः समजणाऱ्या किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेल्या २,९९१ लोकांना तपासलं गेलं. त्यातल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या प्रकारातली होती. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून डोकं दुखतं, ही समजूतही अशीच अनेकांना चुकीच्या दारात नेते.

ओळखायला तीन प्रश्न पुरतात. गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे एखाद्या दिवशी तरी कामधंदा, घरकाम किंवा अभ्यास अडला का? डोकं दुखताना मळमळतं का? उजेड एरवीपेक्षा फार खुपतो का? यातल्या दोनांना ‘हो’ उत्तर असेल तर मायग्रेनची शक्यता मोठी. दुखणं बहुधा एका बाजूला, ठणकणारं, जिना चढला की वाढणारं असतं आणि औषध घेतलं नाही तर चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतं. पण एकाच बाजूला दुखलं पाहिजे असा नियम नाही. दोन्ही बाजूंना दुखणारं मायग्रेनही असतं.

ताणाची डोकेदुखी याहून सौम्य. डोक्याला पट्टा आवळल्यासारखं दोन्हीकडून दुखतं, पण माणूस काम करत राहतो, उलटी होत नाही. तिला साधी वेदनाशामक गोळी पुरते. तिसरा प्रकार विरळा आणि भयंकर: क्लस्टर डोकेदुखी. एका डोळ्याभोवती पंधरा मिनिटं ते तीन तास असह्य कळा, त्याच बाजूचा डोळा लाल, नाक वाहतं आणि माणूस पडून राहण्याऐवजी येरझाऱ्या घालतो. तिथे पोटात घेतलेली गोळी पोहोचेपर्यंत झटका संपत आलेला असतो. त्यामुळे मास्कने भरपूर शुद्ध ऑक्सिजन किंवा सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन, आणि पुढचे झटके टाळायला व्हेरापामिल, असा उपचार चालतो. हे निदान चुकून दात काढून घेतलेलेही रुग्ण असतात.

आणि काही डोकेदुख्या अशा, की हा लेख बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठायचा. क्षणात, वीज कोसळावी तशी आलेली आयुष्यातली सर्वांत तीव्र वेदना. ताप आणि मान ताठ. बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, फिट येणं, शुद्ध हरपणं. डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं. खोकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढणारं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने आलेलं. कॅन्सर किंवा एचआयव्ही असलेल्याला नव्याने सुरू झालेलं. यातलं काहीच नसेल, तपासणीत काही खोट नसेल आणि दुखण्याचा साचा वर्षानुवर्षं तोच असेल, तर सहसा एमआरआयची गरज नसते. मायग्रेन स्कॅनवर दिसत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल’ आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही, आणि घरच्यांनी रुग्णाला तसं ऐकवू नये.

## डोक्यात नेमकं काय घडतं?

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. वेदना कळते ती त्याच्या भोवतीच्या आवरणांना आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना. तिथून आणि चेहऱ्यावरून संवेदना वाहून नेणारी मुख्य नस म्हणजे ट्रायजेमिनल नस. मानेच्या वरच्या भागातल्या नसा मेंदूच्या मुळाशी तिच्याच जाळ्यात येऊन मिळतात. म्हणून अर्धशिशीत मान धरते आणि माणूस मानेचे एक्स-रे काढत बसतो.

मायग्रेन असलेल्याचा मेंदू जन्मतःच बदलांच्या बाबतीत हळवा असतो. आईला असेल तर लेकीला असण्याची शक्यता त्यामुळेच वाढते. झोप, जेवण, पाळी, ऊन यांतला बदल त्याला झेपत नाही. मग ट्रायजेमिनल नसेच्या टोकांतून काही रसायनं बाहेर पडतात. त्यातलं सर्वांत महत्त्वाचं सीजीआरपी. ते रक्तवाहिन्या रुंदावतं आणि वेदनेचा निरोप मोठा करून पुढे पाठवतं. पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी १९९० मध्ये दाखवलं, की झटका चालू असताना मानेतल्या शिरेच्या रक्तात सीजीआरपी वाढलेलं असतं. पुढे डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हेच रसायन मायग्रेनच्या रुग्णांना शिरेतून दिलं, तेव्हा अनेकांना मायग्रेनसारखं दुखायला लागलं. या सगळ्या कामासाठी एडविन्सन, गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन यांना २०२१ चा ब्रेन प्राइझ मिळाला. आजची नवी औषधं याच शोधातून निघाली आहेत.

काहींना दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमकत्या वाकड्यातिकड्या रेषा दिसतात, नजरेचा एक तुकडा नाहीसा होतो किंवा हाताला मुंग्या येऊन त्या हळूहळू ओठापर्यंत सरकतात. याला ऑरा म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी स्वतःच्या नजरेतला हा डाग कसा पसरतो ते कागदावर काढून ठेवलं आणि १९४१ मध्ये हिशोब मांडला, की मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला ३ मिलिमीटर वेगाने सरकत असावं. तीनच वर्षांनी ब्राझीलचे संशोधक लेआव यांनी सशाच्या मेंदूत साधारण तेवढ्याच संथ गतीने पसरणारी लाट नोंदवली. ऑरा पाच मिनिटं ते तासभर टिकतो आणि जातो. तो पहिल्यांदाच आला असेल, किंवा हळूहळू पसरण्याऐवजी एकदम आला असेल, तर पक्षाघात नाही ना, हे डॉक्टरांकडून लगेच तपासून घ्यायचं.

झटक्याच्या काही तास, कधी आदला दिवसभर आधी, सारख्या जांभया येतात, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं, लघवीला वारंवार जावं लागतं. ही झटक्याचीच सुरुवात. ‘चॉकलेट खाल्लं म्हणून डोकं दुखलं’ असं वाटतं, तेव्हा अनेकदा झटका आधीच सुरू झालेला असतो आणि चॉकलेटची इच्छा त्यातूनच आलेली असते.

## दुखायला लागल्यावरची गोळी: लवकर आणि पुरेशी

‘जरा कळ काढते, नाहीच थांबलं तर घेते’ हे वाक्य मायग्रेनमध्ये महागात पडतं. दूध वर यायला लागलं की त्याच क्षणी गॅस बंद करायचा असतो. उतू गेल्यावर बंद केलात तरी ओटा पुसावाच लागतो. दुखणं तासनतास चालू राहिलं की वेदना वाहून नेणारी यंत्रणा खालपासून वरपर्यंत चेतते. मग केसांतून कंगवा फिरवणं, कानातले घालणं, उशीला डोकं टेकणंही दुखतं. या टप्प्यावर घेतलेली गोळी पुष्कळदा वाया जाते आणि माणूस म्हणतो, मला ही लागूच पडत नाही.

मात्रेचंही तसंच. ‘गोळी गरम पडते’ म्हणून अर्धी मोडून घेतात. मायग्रेनसाठी प्रौढांमध्ये उपयोगी ठरलेल्या एका वेळच्या मात्रा अशा: आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, नॅप्रोक्सेन ५००, ॲस्पिरिन ९०० ते १,०००, पॅरासिटामोल १,०००. जठराचा व्रण, मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा दमा असेल, तर पहिली तीन औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. यकृताचा आजार असेल किंवा दारू जास्त होत असेल, तर पॅरासिटामोलही जपून. पावसाळ्यात तापासोबत डोकं दुखत असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामोल, कारण बाकीच्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना ॲस्पिरिन द्यायचंच नाही.

जठर मंदावलेलं असतं, हे वर आलंच. गिळलेली गोळी तिथेच पडून राहते. म्हणून डॉक्टर सोबत डॉमपेरिडोन किंवा मेटोक्लोप्रामाइड लिहून देतात. मळमळ थांबते आणि वेदनाशामक पुढे सरकून रक्तात उतरतं. चिठ्ठीवरची ही दुसरी गोळी ‘नुसती उलटीची आहे’ म्हणून सोडू नका.

एवढ्याने भागत नसेल तर ट्रिप्टान. हा खास मायग्रेनसाठी घडवलेला गट. पहिलं सुमाट्रिप्टान १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलं. रिझाट्रिप्टान हे आपल्याकडे वापरलं जाणारं दुसरं. ही औषधं नसेच्या टोकातून सीजीआरपी बाहेर पडणं थांबवतात आणि रुंदावलेल्या रक्तवाहिन्या आवळतात. आवळण्याच्या याच गुणामुळे हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांना ती चालत नाहीत. ऑरा असेल तर ऑरा संपून दुखणं सुरू झालं की घ्यायची. पहिल्या वेळी घशाशी, छातीशी किंवा मानेत थोडा वेळ जडपणा जाणवू शकतो. बहुतेकांत तो निरुपद्रवी असतो, पण डॉक्टरांना सांगा. एका झटक्यात गुण आला नाही म्हणून औषध बाद करू नका. दोन-तीन झटक्यांत वेळेवर घेऊन बघा. एक ट्रिप्टान लागू न पडणाऱ्याला दुसरं पडू शकतं.

एर्गोटामिनबद्दल जरा थांबून लिहायला हवं. एर्गोटामिन, कॅफिन, पॅरासिटामोल आणि उलटीचं औषध अशी एकत्र गोळी आपल्याकडे अर्धशिशीसाठी सर्रास घेतली जाते आणि पुष्कळांना तिने बरंही वाटतं. पण एर्गोटामिन सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळतं. जास्त झालं तर हातापायांची बोटं थंड, निळी पडू शकतात. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांसारख्या प्रतिजैविकांसोबत ते धोक्याचं ठरतं. गरोदरपणात पूर्ण बंद. ट्रिप्टान आणि ही गोळी चोवीस तासांच्या आत एकमेकांमागे घ्यायची नाही. इतक्या अटी असलेली गोळी चिठ्ठीशिवाय हातात पडू नये, असं माझं ठाम मत आहे.

## गोळीमुळेच डोकं दुखतं, हे खरं का?

औषधाच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहिलं तरी हे दिसतं. “दादा, डोक्यावरची द्या एक. परवा दिली होती ना, तीच.” दुकानदार पट्टी काढतो, कात्रीने एक गोळी कापून कागदी पुडीत टाकतो. औषधाचं नाव आणि त्यात काय आहे ते छापलेला भाग दुकानातच राहतो. घेणाऱ्याच्या हातात येतो एक चकचकीत चौकोन. आपण काय घेतलं, हे त्याला माहीत नसतं, आणि पुढे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. ‘पांढरी, जरा मोठी’ एवढंच. पट्टी पूर्ण घ्या, निदान तिचा फोटो तरी काढून ठेवा.

आता मुद्दा. ज्यांना मुळात मायग्रेन किंवा ताणाची डोकेदुखी आहे, त्यांनी वेदनाशामक फार वेळा घेतलं की मेंदू वेदनेला अधिकच हळवा होतो. झटके वाढतात. वाढले म्हणून गोळ्या वाढतात, आणि गोळ्या वाढल्या म्हणून झटके. शेवटी सकाळी उठताना डोकं जडच. या दुखण्याला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नाव आणि मोजमाप आहे. साधं पॅरासिटामोल, आयबुप्रोफेन वगैरे महिन्यात १५ किंवा जास्त दिवस; आणि ट्रिप्टान, एर्गोटामिन, ट्रामाडोलसारखी औषधं किंवा दोन-तीन वेदनाशामकं एकत्र असलेल्या गोळ्या महिन्यात १० किंवा जास्त दिवस; असं तीन महिन्यांहून अधिक चाललं आणि डोकं महिन्यातले निम्मे दिवस दुखायला लागलं, की गोळ्यांची डोकेदुखी सुरू झाली असं समजतात.

यात मोजायचे ते दिवस. एका दिवशी दोन गोळ्या घेतल्या तरी तो दिवस एकच. म्हणूनच पहिला झटका पुरेशा मात्रेने लवकर मोडणं, हे अर्धी अर्धी गोळी चार दिवस ओढण्यापेक्षा चांगलं. सुरक्षित राहायचं तर आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त दुखणंमार गोळी नको. हिशोब ठेवायला ॲप लागत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयावर ज्या चौकटीत दुधाचा हिशोब लिहितात, तिथेच दुखलं त्या दिवशी ‘दु’ आणि गोळी घेतली त्या दिवशी ‘गो’ लिहायचं. पाळीचे दिवसही तिथेच. तीन महिन्यांची ही पानं डॉक्टरांसमोर ठेवली, की त्यांचं अर्धं काम होतं.

‘मग गुडघ्यांसाठी रोज गोळी घेणाऱ्या आजीचं डोकं का दुखत नाही?’ प्रश्न रास्त आहे. ज्याला मुळात डोकेदुखीचा आजार नाही, त्याला वेदनाशामकामुळे हा त्रास सहसा होत नाही. हळवेपण मेंदूत आधीपासून असावं लागतं.

‘मग दुखलं तरी घ्यायचीच नाही का?’ घ्यायची, पण मर्यादेत. मर्यादा ओलांडली असेल तर त्या गोळ्या थांबवणं किंवा खूप कमी करणं, हाच उपचाराचा भाग असतो. थांबवल्यावर पहिले दोन ते दहा दिवस दुखणं वाढतं. ते आधी माहीत असेल तर माणूस टिकतो, नाहीतर तिसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात जातो. साध्या गोळ्या एकदम बंद करता येतात. ट्रामाडोल, कोडीन किंवा झोपेच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायच्या. रोजचा चार-पाच कप चहा-कॉफी एकदम सोडली तरी डोकं दुखतं; तीही आठवडाभरात हळूहळू उतरवा.

## रोजची गोळी कुणाला, आणि बीपीची का?

महिन्यात चार किंवा जास्त दिवस दुखत असेल, किंवा दिवस कमी पण झटका माणसाला पार झोपवणारा असेल, तर प्रतिबंधक औषधाचा विचार करायचा. ही गोळी दुखलं नाही तरी रोज घ्यायची. ती चालू झटका थांबवत नाही. पुढचे झटके कमी, छोटे आणि सौम्य करते.

इथेच गैरसमज होतो. चिठ्ठी घेऊन माणूस घरी येतो, नाव इंटरनेटवर टाकतो आणि घाबरतो. ‘मला बीपी नाही, मग बीपीची गोळी का?’ ‘ही तर मिरगीची!’ ‘म्हणजे डॉक्टरांना मी वेडी वाटले?’ जुनी प्रतिबंधक औषधं खरोखरच दुसऱ्या आजारांसाठी निघालेली आहेत. १९६० च्या दशकात हृदयाच्या दुखण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्या एका रुग्णाचं मायग्रेन थांबल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. मग चाचण्या झाल्या आणि ते मायग्रेनचं मान्यताप्राप्त औषध झालं. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट मिरगीची, ॲमिट्रिप्टिलिन उदासीनतेचं. मायग्रेनमध्ये ॲमिट्रिप्टिलिन १० ते २५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. उदासीनतेसाठी लागणाऱ्या मात्रेपेक्षा हे खूप कमी आहे.

निवड माणसागणिक बदलते, आणि इथे डॉक्टरांशी मोकळं बोलण्याचा खरा उपयोग होतो. झोप लागत नाही, मान-खांदे आखडतात, त्याला ॲमिट्रिप्टिलिन सोयीचं. त्याने तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती राहते, वजन वाढू शकतं. रक्तदाब किंवा धडधड आहे, त्याला प्रोप्रॅनोलॉल. दमा असेल तर चालत नाही, आणि चालू असलेलं एकदम बंद करायचं नाही. प्रोप्रॅनोलॉलसोबत रिझाट्रिप्टान घ्यायचं तर मात्रा कमी करावी लागते. वजन जास्त असेल तर टोपिरामेटचा विचार होतो, कारण त्याने भूक कमी होते; पण बोटांना मुंग्या येतात, ऐन वेळी शब्द आठवत नाही, मूतखडा होऊ शकतो. आपल्याकडे भरपूर दिलं जाणारं फ्लुनारिझिन रात्री घेतात. त्याने वजन वाढतं, काहींचं मन खचतं आणि वयस्करांमध्ये हातापायांची थरथर, मंदपणा येऊ शकतो. म्हणून ते वर्षानुवर्षं आपापलं चालू ठेवू नये. मूल होण्याच्या वयातल्या बायकांना व्हॅल्प्रोएट नको, टोपिरामेटही पक्क्या गर्भनिरोधनाशिवाय नको. दोन्हींनी गर्भात व्यंग येऊ शकतं.

आणि धीर लागतो. मात्रा हळूहळू वाढवतात, पुरेशा मात्रेवर दोन महिने तरी देतात, मगच निकाल लावतात. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तर औषध यशस्वी. ‘पूर्ण थांबलं नाही’ म्हणून सोडणारे लोक हातातलं यश टाकून देतात. सहा महिने ते वर्षभर ठीक चाललं की कमी करत बंद करून पाहतात. ही औषधं जन्मभर घ्यावी लागतीलच असं नाही.

बायकांसाठी दोन गोष्टी वेगळ्या. ऑरा असलेलं मायग्रेन असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळायच्या, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. दुसरे उपाय उपलब्ध आहेत, पण त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना डोकेदुखीबद्दल सांगावं लागतं, आणि ते सांगणं राहून जातं. गरोदरपणात तिसऱ्या महिन्यानंतर अनेकींचं मायग्रेन आपोआप उतरतं. गरज पडली तर पॅरासिटामोल पहिली निवड. बाकी सगळं, रोजच्या गोळ्यांसकट, दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठरवा.

## औषधाशिवाय नाही का जमणार?

काहींचं जमतं, बहुतेकांना दोन्ही लागतं. उपाशीपोटी राहणं हे झटक्याचं नेहमीचं कारण. नवरात्रात किंवा एकादशीला डोकं हमखास दुखत असेल, तर उपवास करायचा की नाही हा तुमच्या श्रद्धेचा प्रश्न. पण केलात तर दर तीन-चार तासांनी काहीतरी खा, पाणी प्या, चहाची वेळ चुकवू नका. रविवारी उशिरापर्यंत झोपणं आणि रोज अपुरी झोप, दोन्ही वाईट. उन्हात टोपी, गॉगल.

न्हाणं हे खास आपल्याकडचं कारण. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी केस धुतल्यावर मायग्रेन उसळणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची नोंद २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. ‘न्हायल्यावर डोकं दुखतं’ असं बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत होत्या. ते वैद्यकाच्या वहीत यायला इतका काळ लागला. लांब केस ओले बांधू नका, लगेच वाळवा, आणि तरीही दुखत असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

योगाबद्दल विचारलंच जातं. दिल्लीच्या एम्समध्ये ११४ रुग्णांवर तीन महिने झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या औषधापेक्षा औषध अधिक योग असं करणाऱ्यांचे झटके जास्त कमी झाले. योग औषधाच्या जागी नव्हता, जोडीला होता. लहान मुलांत तर दिनचर्येचं महत्त्व आणखी मोठं: २०१७ च्या एका अमेरिकी चाचणीत मुलांमध्ये ॲमिट्रिप्टिलिन आणि टोपिरामेट ही दोन्ही औषधं औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. दिखाऊ गोळीवरचीही निम्म्याहून अधिक मुलं सुधारली.

बामचं काय? पुदिन्याच्या अर्काने सौम्य डोकेदुखीत थोडा आराम पडतो. लावा. फक्त बाम चोळत गोळीची वेळ घालवू नका.

## मग नव्या औषधांचं काय?

ती दोन प्रकारची. एक, सीजीआरपीला किंवा ते जिथे चिकटतं त्या जागेला अडवणारी इंजेक्शनं. पहिलं एरेनुमॅब, २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेत मंजूर झालं. महिन्यातून एकदा कातडीखाली टोचायचं. त्याच्या एका मोठ्या चाचणीत जास्त मात्रा घेणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांचे मायग्रेनचे दिवस निम्म्यावर आले. औषध नसलेलं इंजेक्शन दिलेल्यांत हेच प्रमाण सुमारे २७ टक्के होतं. बद्धकोष्ठ होऊ शकतं, रक्तदाब तपासत राहावा लागतो.

दुसरा प्रकार जिपँट, म्हणजे तेच काम करणाऱ्या गोळ्या. रिमेजिपँट त्यातलंच. ते दुखल्यावरही घेता येतं आणि एक दिवसाआड प्रतिबंधासाठीही. रक्तवाहिन्या आवळत नाही, त्यामुळे हृदयविकारामुळे ज्यांना ट्रिप्टान वर्ज्य आहे त्यांच्यासाठी डॉक्टर त्याचा विचार करू शकतात. गोळ्यांची डोकेदुखी होण्याचा धोकाही त्याला दिसत नाही. हे मोठे फायदे आहेत. पण जादूची अपेक्षा नको. जिभेवर विरघळणाऱ्या गोळीच्या चाचणीत दोन तासांनी पूर्ण वेदनामुक्त झालेले २१ टक्के, दिखाऊ गोळीवर ११ टक्के. २०२४ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या १३७ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टानसह चार जुनी ट्रिप्टान या नव्या गोळ्यांपेक्षा सरस ठरली.

महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस दुखणाऱ्यांसाठी बोटॉक्सही आहे. दर बारा आठवड्यांनी कपाळ, कानशिलं, मान, खांदे मिळून ३१ ठिकाणी बारीक टोचण्या.

अमेरिकेतल्या डोकेदुखीतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ मध्ये सांगितलं, की सीजीआरपीवरची औषधं जुनी औषधं फसण्याची वाट न पाहता सुरुवातीलाच देता येतात. वैद्यकीयदृष्ट्या ते योग्य असेल. पण आपल्याकडे खर्च बहुधा स्वतःच्या खिशातून होतो, आणि नवी औषधं जुन्यांपेक्षा कितीतरी महाग आहेत. म्हणून मला वाटतं, दोन-तीन स्वस्त प्रतिबंधक औषधं नीट घेऊनही उपयोग झाला नाही, किंवा ती सोसली नाहीत, तर नव्यांकडे वळावं. ‘नीट’ याचा अर्थ पुरेशी मात्रा, किमान दोन महिने आणि दरम्यान वेदनाशामकांचे दिवस मर्यादेत. तज्ज्ञांकडे जाताना प्रत्येक जुन्या औषधाचं नाव, कितीपर्यंत वाढवलं होतं, किती आठवडे घेतलं आणि का सोडलं, हे एका कागदावर लिहून न्या. दहा दिवसांत सुस्ती आली म्हणून सोडलेलं ॲमिट्रिप्टिलिन हे ‘फसलेलं औषध’ नाही. कमी मात्रेत, संध्याकाळी लवकर घेऊन ते पुन्हा सुरू करता येईल का, हे आधी विचारा.